लाडू न खाता वाढलेली साखर

मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी माझ्या आजीवर चोरीचा आळ घेतला. आता तुम्ही म्हणाल, मॅगझिनसाठी लिहायला हिला दुसरं काही सापडलं नाही का? पण त्या आळामुळेच माझी क्लोद बर्नार या माणसाशी ओळख झाली, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आजीला टाइप टू डायबेटीस आहे. रात्री झोपताना ग्लुकोमीटरवर साखर 130 च्या आसपास आणि सकाळी उठल्यावर, तोंडात पाण्याचा घोटही गेलेला नसताना, 170! एक दिवस नाही, रोज. घरात बेसनाच्या लाडवांचा डबा होता. मी पडले इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. इनपुट नाही तर आउटपुट वाढेल कसं? आजी रात्री उठून लाडू खाते हे मी सगळ्यांसमोर सिद्ध करून टाकलं, डबा कपाटात ठेवला आणि किल्ली स्वतःकडे घेतली. आजी काही बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून तिने माझ्यापुढे बोट करणं बंद केलं. साखर तपासायला ती आईकडे जाऊ लागली.

आठ दिवसांनी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी माझं संशोधन त्यांनाही ऐकवलं. ते हसले आणि म्हणाले की ही साखर डब्यातली नाही, लिव्हरमधली आहे. रात्रभर आपलं लिव्हर स्वतः साखर बनवून रक्तात सोडत असतं आणि डायबेटीसमध्ये ते प्रमाणाबाहेर सोडतं. माझा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला असणार. घरी येऊन आजीला हे समजावताना अजून एक गंमत झाली. यकृत हा शब्द तिला पुस्तकी वाटला, म्हणून मी काळीज म्हटलं, पण माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीत काळीज म्हणजे हृदय! शेवटी तिनेच मला सांगितलं की मटणात जे काळीज म्हणून मिळतं तेच ते.

लिव्हर साखर बनवते हे पहिल्यांदा कुणाला कळलं, याच्या मागे लागले आणि बर्नार सापडला. आपल्याकडे त्याला क्लॉड बर्नार्ड म्हणतात.

त्याचा जन्म 12 जुलै 1813 चा, फ्रान्समध्ये ल्योंच्या उत्तरेला असलेल्या सें-ज्युलियें या गावातला. घरची द्राक्षाची शेती. शिक्षण चर्चच्या शाळांमध्ये झाले. पुढे पैसे नव्हते, म्हणून ल्योंजवळ एका औषधविक्याच्या दुकानात उमेदवारीला लागला. बाटल्या धुणे, औषधे पोचवणे ही कामे. त्या काळी थेरिआक नावाचे सर्व रोगांवरचे एक औषध फार खपायचे. दुकानात जे जे उरेल, बिघडेल, ते सगळे त्या थेरिआकच्या भांड्यात जायचे. (आपल्या मेसच्या रविवारच्या मिक्स भाजीची आठवण झाली ना?) औषधे बनवणाऱ्यालाच औषधात काय आहे ते माहीत नाही, हे त्या पोराने तिथे पाहून ठेवले.

पण डोक्यात भूत नाटकाचे. त्याने एक छोटी कॉमेडी लिहिली, ती ल्योंमध्ये बरी चालली. मग स्वारीने पाच अंकी ऐतिहासिक नाटक लिहिले आणि 1834 मध्ये ते काखोटीला मारून पॅरिस गाठले. तिथे सें-मार्क जिरार्दें या समीक्षकाने ते वाचले आणि सल्ला दिला की पोटापाण्यासाठी आधी काहीतरी धंदा शिक. औषधाच्या दुकानात होतास तर डॉक्टरकीच कर. म्हणजे आधुनिक शरीरक्रियाशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस नाटक पडलं म्हणून मेडिकलला गेला!

आणि मेडिकलला गेला तोही रँकर वगैरे नाही. 1839 मध्ये इंटर्नच्या स्पर्धापरीक्षेत 29 जणांमध्ये 26 वा. 1843 मध्ये जठररसावर प्रबंध लिहून एम.डी. झाला, पण पुढच्याच वर्षी अध्यापकपदाच्या परीक्षेत नापास. भाषण देणे त्याला जमत नसे. माझ्या रूममेटला हे सांगितल्यावर तिने व्हायवाची तयारी तिथेच सोडून दिली, तो भाग वेगळा. परीक्षेत मागे पडलेल्या या मुलाचा हात मात्र ऑपरेशनमध्ये विलक्षण चालतो, हे फ्रांस्वा माजांदी या प्रोफेसरने ओळखले आणि 1841 पासून कॉलेज द फ्रान्समध्ये त्याला आपला मदतनीस करून घेतले.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. हे सगळे प्रयोग जिवंत कुत्र्यांवर आणि सशांवर चालत. भूल देण्याची पद्धत 1846 नंतर आली, त्यामुळे सुरुवातीच्या काळात तीही नव्हती. हे वाचताना मला दोन वेळा पुस्तक मिटावं लागलं. त्या काळच्या पॅरिसलाही हे आवडत नव्हते. 1844 सालच्या हिवाळ्यात बर्नारने एका कुत्र्याच्या पोटात चांदीची नळी बसवली होती, बर्लिनहून आलेल्या एका सर्जनला दाखवण्यासाठी. कुत्रा नळीसकट पळाला आणि सरळ आपल्या मालकाच्या घरी गेला. मालक कोण? त्या भागाचा पोलीस कमिशनर! दुसरा कुणी असता तर गाव सोडून गेला असता. बर्नार कमिशनरकडे गेला, माफी मागितली, प्रयोग कशासाठी ते समजावून सांगितले आणि नळी काढून कुत्रा बरा करून परत देण्याचे कबूल केले. कमिशनर इतका राजी झाला की पुढे बर्नारने प्रयोगशाळाच त्याच्या हद्दीत थाटली, म्हणजे शेजाऱ्यांच्या तक्रारींपासून संरक्षण.

घरात मात्र कोणी कमिशनर नव्हता. 1845 मध्ये त्याचे लग्न फानी मार्तें हिच्याशी झाले. खरं तर पैशाअभावी तो गावाकडे जाऊन साधा डॉक्टर होण्याच्या विचारात होता. बायकोच्या हुंड्यावर त्याचे संशोधन चालू राहिले. त्याच पैशातून कुत्री कापली जातात हे त्या बाईला कधीच सहन झाले नाही. दोन मुलगे लहानपणीच गेले. दोन मुली राहिल्या, त्या आईच्या बाजूने उभ्या राहिल्या. शेवटी नवरा-बायको कायद्याने वेगळे झाले. बहुतेक लेखांमध्ये फानीला कजाग बायको म्हणून रंगवलेले असते. मला ते पटत नाही. तिचा हुंडा घेतला होता, तिचं मत कुणी विचारलं होतं?

आता साखरेकडे येऊ. 1840 च्या दशकात सगळ्या मोठ्या शास्त्रज्ञांचे म्हणणे असे होते की साखर फक्त वनस्पती बनवतात; प्राणी ती खातात आणि जाळतात. म्हणजे रक्तात साखर दिसली तर ती ताटातूनच आली असणार. थोडक्यात, माझी आणि त्यांची थिअरी एकच! बर्नारला फक्त एवढेच शोधायचे होते की खाल्लेली साखर शरीरात नेमकी कुठे जाऊन संपते. पचलेले अन्न घेऊन रक्त आतड्यातून आधी लिव्हरमध्ये येते, तिथून हृदयाकडे, मग फुफ्फुसात. प्रत्येक टप्प्यावर रक्त काढून तपासायचे. जिथे साखर नाहीशी होईल तिथे ती जळते. सर्किटमध्ये ठिकठिकाणी प्रोब लावून सिग्नल कुठे मरतो ते पाहतो, अगदी तसेच.

एका कुत्र्याला गोड आणि पिष्टमय खाणे दिले. लिव्हरमधून बाहेर पडणाऱ्या रक्तात भरपूर साखर मिळाली. आपल्यापैकी कुणीही इथे रीडिंग लिहून जर्नल सबमिट केले असते. बर्नारने दुसरा कुत्रा घेतला, त्याला फक्त मांस खायला घातले, आणि त्याच जागेचे रक्त तपासले. या कुत्र्याच्या आतड्यात साखरेचा कणही नव्हता. तरीही लिव्हरमधून बाहेर येणाऱ्या रक्तात साखर! आधी त्याचा स्वतःच्या टेस्टवर विश्वास बसेना. (टेस्ट म्हणजे तांब्याचे निळे द्रावण, साखर असेल तर तापवल्यावर लालसर होते. शाळेत बेनेडिक्ट टेस्ट केली असेल तर हीच.) त्याने पुन्हा केले, उपाशी कुत्र्यांवर केले, रक्त मागे फिरून गोंधळ होऊ नये म्हणून शिरा बांधून केले. प्रत्येक वेळी तेच. 1848 मध्ये त्याने जाहीर केले की प्राण्यांचे शरीरही साखर बनवते आणि हा कारखाना लिव्हरमध्ये आहे.

कारखाना सापडला. आता त्याचे स्विच कुठे? लाळेच्या ग्रंथी नर्व्हच्या हुकमाने लाळ सोडतात हे त्याला माहीत होते. मग लिव्हरही तसेच असेल. लिव्हरपर्यंत जाणारी मोठी नर्व्ह म्हणजे व्हेगस, आणि ती निघते मेंदूच्या तळाकडून, जिथे मेंदू संपून मेरुरज्जू सुरू होतो तिथून. बर्नारने ठरवले की व्हेगसच्या उगमालाच डिवचायचे. 1849 मध्ये त्याने सशाच्या कवटीच्या मागच्या भागातून एक बारीक हत्यार आत घातले आणि मेंदूच्या चौथ्या पोकळीच्या तळाला एक टोच दिली. बस, एक टोच. साधारण तासाभरात सशाच्या रक्तात साखर चढली आणि लघवीतही उतरली. ज्या सशाला डायबेटीसचे नावही ठाऊक नव्हते त्याला मेंदूत सुई टोचून काही तासांपुरता डायबेटीस झाला!

पुढची गोष्ट मला जास्त आवडते. थिअरी बरोबर असेल तर व्हेगस कापल्यावर निरोप लिव्हरपर्यंत पोचायला नको. त्याने दोन्ही बाजूंच्या व्हेगस कापल्या आणि मग टोच दिली. साखर तरीही वाढली! म्हणजे रिझल्ट बरोबर आणि ज्या थिअरीमुळे तो मिळाला ती चूक. मग त्याने मेरुरज्जू वरच्या बाजूला कापून पाहिला, तेव्हा परिणाम थांबला. निरोप व्हेगसमधून नाही, तर मेरुरज्जूतून उतरून तिथून पोटाकडे जाणाऱ्या सिम्पथेटिक नर्व्ह्जमधून जात होता. पुढच्या लोकांनी यात भर घातली की त्याच नर्व्ह्ज मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींनाही जाग आणतात, आणि त्यांचे अ‍ॅड्रिनॅलिन लिव्हरला साठा मोकळा करायला लावते. सबमिशनच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो, छाती धडधडते, तेव्हा आपल्या लिव्हरमध्येही हेच चाललेले असते.

साठा कसला, हे मात्र अजून कळले नव्हते. ते कळले घाईमुळे. बर्नार प्रत्येक लिव्हरची साखर दोनदा मोजत असे. 1855 मध्ये एकदा वेळ नव्हता म्हणून एक माप त्याने लगेच घेतले आणि दुसरे दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशीची साखर कितीतरी जास्त! मेलेल्या प्राण्याच्या लिव्हरमध्ये साखर वाढली कशी? त्याने ताजे लिव्हर घेऊन त्यातून 40 मिनिटे थंड पाणी सोडले, शेवटच्या पाण्यात साखरेचा अंशही येईना तोपर्यंत, आणि ते तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी धुतलेले लिव्हर पुन्हा गोड. म्हणजे आत असे काहीतरी होते जे पाण्याने वाहून जात नाही आणि ज्याची हळूहळू साखर होते. 1857 मध्ये त्याने तो पदार्थ वेगळा काढला आणि नाव दिले ग्लायकोजेन. आपण बारावीच्या बायोलॉजीत एका मार्काला पाठ केला तोच.

मग मानसन्मान आले ते धो धो. सोर्बोनमध्ये खास त्याच्यासाठी अध्यासन, सायन्स अकादमी, माजांदी गेल्यावर त्याची खुर्ची, सम्राट तिसऱ्या नेपोलियनशी ओळख, 1869 मध्ये सिनेटर. हे मी भराभर सांगते कारण यात विशेष काही नाही. प्रयोगशाळा मात्र वर्षानुवर्षे ओलसर तळघरासारखीच होती. 1860 च्या दशकात तो तिथे फार आजारी पडला, गावी सें-ज्युलियेंला द्राक्षांच्या मळ्यात जाऊन राहिला, आणि त्या सक्तीच्या रजेत प्रायोगिक वैद्यकाची ओळख करून देणारा ग्रंथ लिहिला. तो 1865 मध्ये निघाला. 1866 मध्ये खुद्द लुई पाश्चरने त्याच्या कामाचे कौतुक करणारा लेख वर्तमानपत्रात लिहिला, या आजारी मित्राला जरा उभारी यावी म्हणून.

त्याच्या सगळ्या कामामागे एकच कल्पना होती. बाहेर ऊन असो की बर्फ, जेवण असो की उपास, शरीराच्या आतले वातावरण स्थिर राहते आणि ते स्थिर ठेवण्यासाठी आत सतत काहीतरी चालू असते. मी थर्ड इयरला कंट्रोल सिस्टीम्स शिकले तेव्हा सेट पॉइंट, सेन्सर, फीडबॅक हे सगळे गिझरच्या थर्मोस्टॅटवरून शिकले. आपल्या अख्ख्या रक्तात एका वेळी साधारण 5 ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढी साखर असते. आणि नुसता मेंदू दिवसाला सुमारे 120 ग्रॅम खातो! लिव्हर रात्रभर किलोमागे मिनिटाला अंदाजे 2 मिलिग्रॅम साखर सोडत राहते, म्हणून आपण सकाळी जागे तरी होतो. या गिझरचा कंट्रोलर मेंदूत आहे अशी पहिली शंका बर्नारच्या सुईने निर्माण केली.

डायबेटीस म्हणजे मेंदूच्या गडबडीने बेफाम झालेले लिव्हर, असे तो जवळपास मानत होता. 1877 मध्ये डायबेटीसवरची त्याची व्याख्याने पुस्तकरूपाने आली. पण इथे तो हुकला. स्वादुपिंडावर त्याने स्वतः सुंदर काम केले होते, त्याच्या नळ्या बंद करून कुत्रे सांभाळून पाहिले होते, पण त्यांना डायबेटीस झाला नाही, म्हणून त्या बाजूला त्याने पाहिले नाही. तो गेल्यावर 11 वर्षांनी, 1889 मध्ये, फोन मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे संपूर्ण स्वादुपिंड काढले आणि त्याला जबरदस्त डायबेटीस झाला. 1921 मध्ये टोरांटोला इन्सुलिन हाती लागले. झालं! सगळं जग इन्सुलिनच्या मागे, आणि बर्नारची सुई पुस्तकात एका ओळीपुरती उरली.

ती पुन्हा बाहेर आली आपल्या काळात. 2002 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले की इन्सुलिनचा अगदी थोडा डोस मेंदूतल्या हायपोथॅलॅमसजवळ दिला तरी लिव्हरची साखर कमी होते, आणि तिथला इन्सुलिनचा मार्ग अडवला तर रक्तातल्या इन्सुलिनचे लिव्हरवरचे वजन घटते. म्हणजे मेंदू रक्तातले इन्सुलिन वाचतो आणि लिव्हरला नर्व्ह्जमधून पुरे म्हणून कळवतो. आणि गंमत म्हणजे हा पुरेचा निरोप बराचसा व्हेगसमधूनच जातो! बर्नारने डिवचायला निवडलेली तीच नर्व्ह, फक्त ती गॅस नसून ब्रेक निघाली. अर्थात सगळे यावर एकमत नाहीत. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत इन्सुलिनचा लिव्हरवर थेट होणारा परिणामच मोठा आणि झटपट दिसला. शिवाय लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाच्या नव्या लिव्हरच्या नर्व्ह्ज कापलेल्या असतात, तरी त्याचे बऱ्यापैकी चालते. म्हणजे कंट्रोलर एकच नाही, दोन-तीन आहेत, आणि टाइप टूमध्ये कुणाचा किती दोष यावर अजून वाद चालू आहे. आजीची मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः लिव्हरच्या याच जादा उत्पादनाला आळा घालते.

10 फेब्रुवारी 1878 रोजी बर्नार पॅरिसमध्ये वारला. बायको-मुली जवळ नव्हत्या. फ्रान्सने त्याला सरकारी इतमामाने निरोप दिला, तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञाला असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. आणि ते पाच अंकी नाटक? ते त्याच्या मृत्यूनंतर छापून निघाले.

दिवाळीत घरी गेले तेव्हा किल्ली आजीच्या हातात दिली आणि ही सगळी गोष्ट तिला सांगितली. मांस खाणारा कुत्रा, धुतलेले काळीज, मेंदूतली टोच, सगळे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की त्या सशाचं पुढे काय झालं. त्याची साखर एका दिवसात उतरली, एवढंच मी तिला सांगितलं. मग तिने बोट पुढे केले. 158 आली.